वारुळावरचं मडकं

सोमवार, ११ नोव्हेंबर १९९१. आदिलाबाद

आली बापा एकदाची. भीमपुराहून जीपनं, मांडीवर डिंकाच्या लाडवाचा डबा अन् पायाशी तुरीच्या डाळीचं गठुडं. नात चारुलता बाळंत होऊन महिना झाला. तिची माय कापूस वेचन्यात गुतली, म्हनून आजीले बोलावनं. माह्या हातून अकरा बाळंतपनं निघाली. माय जे दिवसभरात करनार ते मी दुपारच्या चहाआधी करते.

क्वार्टर गावाच्या टोकाले हाय, मांगं मोकळं रान. पोट्टं झकास हाय. डोकं मोठं, आवाज त्याहून मोठा. आधी कुरकुरते, मंग सूर चढवते, अन् शेवटी एक उचकी देते. जराक उशीर झाला का अख्खी लाइन उठवते. असं रडनारं लेकरू जगते, हे मी चारूले सांगतलं.

नातजावई महिपतराव पंधरा दिवस ट्रेनिंगले हैदराबादले चालले. त्याइले बायकोहून पाखराइची काळजी जास्त. वरांड्यात पिंजरा, आत चिमनीहून लहान, लाल चोचीची जोडी. फिंच म्हन्तात, मी फिंची म्हन्ते. पिंजऱ्यात एक इवली मटकी टांगली, तिच्यात चार अंडी. म्हंजे या घरात बाळंतीनी दोन. मले समजावलं का राळ्याचे दाने नेहमीचेच, पन पिलं निघाली का जितं खाद्य पाहिजे, मेलेला किडा चालत नाही. अन् मादीले अंड्याचं कवच कुटून द्या. मंग ही वही हातात देली, रोज काय खाल्लं ते लिवा म्हने. तिसरी पास हाय मी. लिवते.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

पिलं निघाली, चारही. नागडी, आंधळी, पाहून जेवन जानार नाही अशी. तोंड वासलं का टाळूवर पाच काळे ठिपके, कोनी सुईनं गोंदल्यासारखे. चारू म्हने, या जातीले असतेच, मटकीच्या अंधारात मायले तोंड दिसावं म्हनून. देवाले लई रिकामा वेळ.

जितं खाद्य म्हंजे वाळवी. यात मले कोनी शिकवू नये. आमच्याकडं कोंबड्याइसाठी मडक्यात ओलं शेन अन् कडब्याचे तुकडे भरतात, वारुळावर पालथं घालतात. दुसऱ्या दिवशी उचललं का मडकं वाळवीनं गच्च. मांगच्या रानात वारूळ होतंच, अन् त्याच्या बुडाशी अर्धं मातीत गेलेलं मडकंबी. तोंड लिंपलेलं, वाळवीनंच लिंपलं असन. म्हटलं, कोनी कोंबड्यावाली ठेवून इसरली. चांगलं शाबूत मडकं, काऊन सोडू? उकरून काढलं. आत कुजकी चिंधी अन् बारीक हाडकं निघाली, कोंबडीच्या पिलाची असतात तशी. तीबी वाया घातली नाही. बाहेरच्या दगडावर कवचासंग कुटून मादीले देली. चोच पुसून खाल्लं तिनं, अन् पिलाइच्या तोंडात भरवलं. मडक्यात शेन भरून वारुळावर पालथं घातलं.

येता येता बाजूची पोशव्वा आडवी आली. तेलुगू बाई, मराठीचा गंध नाही. माह्या मांगं हात करून "बिड्डा, बिड्डा" करू लागली. इकडं मायेनं कोन्याही बाईले बिड्डा म्हन्तात, येवढं मले समजते. माह्याहून धा वर्सानं लहान, अन् मले पोरगी म्हन्ते. मान हलवली अन् घरी आली.

शनिवार, १६ नोव्हेंबर

मडकं भरभरून देते. असं वारूळ भीमपुरातबी नाही. वाटीत वाळवी झटकून पिंजऱ्यात ठेवली का मिंटात वाटी साफ. पिलं दोन दिवसात दुप्पट झाली, चोची माह्या करंगळीच्या नखाएवढ्या.

घरातलं पोट्टं आज गुमान होतं. दुपारी दोनदा दुधाची येळ टळली तरी रडलं नाही. चारूले झोप भेटली. मलेबी बरं वाटलं, खोटं काऊन लिवू.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दुपारी चारू न्हानीत होती. रडनं आलं. कुरकुर, मंग चढता सूर, मंग उचकी. मी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन पाळन्याकडं गेली. पोट्टं डोळे उघडून पडलं होतं. तोंड मिटलेलं.

रडनं वरांड्यातून येत होतं. मटकीतून.

म्हातारपनाचे कान, असं म्हटलं. चारूले सांगतलं नाही. पोट्ट्याले चिमटा काढून पाह्यला. तोंड वासलं त्यानं, पार टाळूपर्यंत. आवाज नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टरीन म्हने, गळा साफ हाय, सर्दी असन.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

दूध तोंडात घेते अन् सोडून देते. चमच्यानं घातलं तं कोपऱ्यातून बाहेर. अंग हलकं लागते.

पिंजऱ्यातून रडनं आलं का चारूचा पान्हा फुटते. पोलकं ओलं होते. पाळन्यातल्याले पाहून थेंब नाही. दोघीबी पिंजऱ्याकडं पाहून राह्यलो होतो.

बुधवार, २० नोव्हेंबर

रडनं ऐकून पोशव्वा आली. पिंजऱ्यापुढं उभी राह्यली, खाली बसली. चारूले तेलुगू येते. लई येळ दोघी हळू बोलल्या. मंग चारू मले म्हने, "आजी, ती तुले बिड्डा म्हनत नव्हती. त्या मडक्यात बिड्डा हाय म्हनत होती."

बिड्डा म्हंजे लेकरू. पोशव्वाच्या लेकीचं. आठ दिवस जगलं. दात न आलेल्याले जाळत नाहीत, मडक्यात ठेवून पुरतात. भांडली नाही बाई. येवढंच म्हने, आत जे होतं ते परत ठेवा अन् तोंड लिंपा.

काय ठेवू?

मी सांगतलं नाही तिले. दगडावर अजून पांढरं लागून हाय.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

वाळवी बंद केली. मडकं धुतलं. पिलं रडून राह्यली — चार तोंडं, एकच आवाज, एकच उचकी. मादी मरून पडली. नर कोपऱ्यात, मटकीजवळ जात नाही.

पोट्ट्यानं तीन दिवसात पोटात काही घेतलं नाही. चारू भिंतीले टेकून — नुसती पाहते.

महिपतरावले तार केली. लौकर या, येवढंच.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर. दुपार

आत जे होतं ते परत ठेवा. जे होतं ते पिलाइच्या अंगात हाय. मंग पिलंच ठेवाची. दुसरं काय?

मटकी काढली. चारही तोंडं वासलेली. मडक्यात ठेवली. ओल्या मातीनं लिंपलं.

वारुळाच्या बुडाशी पुरून टाकलं. वर माती लोटली तरी — उचकी. आवाज पाळन्यातल्या पोट्ट्याचा, ते मले माहीत हाय. तो खाली गेला तं वर काय राहीन, हे मी तवा —

माती दाबली. घरी आली.

त्याच दिवशी

चारू हसली. आठवड्यानं. म्हने, "आजी, त्यानं मान उचलली."

महिन्याचं लेकरू मान उचलत नाही.

पाळन्याशी गेली. थेट माह्याकडं पाह्यलं त्यानं. माह्या तोंडाकडं नाही, हाताकडं. हात धुवाचे राह्यले होते. अंगठ्यावर एक वाळवी — जिती —

मान ताठ केली. थरथर. तोंड वासलं. टाळूवर पाच ठिपके.

घेतली त्यानं. गिळली. अन् पुन्हा वासलं.

चारू म्हन्ते, आजी, खाल्लं गं त्यानं, खाल्लं. अजून दे. रडून राह्यली अन् हसून राह्यली.

मी काय करू? चार दिवसाचं उपाशी लेकरू. मरू देऊ?

मडकं पुन्हा उकरावं लागन. शेन ओलं करून ठेवलं. पिलं अजून आत — जिती असली तं त्याइले काढून — नाही तं त्याइलेबी दगडावर —

चारू हाक मारते. तोंड वासून हाय अजून, मी खुरपं घेऊन —