दमलेल्या माणसाचा गुरुवार

आत्याबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी दुपारची भांडी आवरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकले की वाटतं, आतून तुमचा आवाज येईल, "काढ गं ते पुस्तक. कुठवर आलाय आपला माणूस?" आपला माणूस! सुपारी घेऊन माणसं मारणारा, रहस्यकथांच्या मालिकेतला एक खुनी, आणि तुम्ही त्याला गारगोटी गावच्या तुमच्या सख्ख्या भावासारखा आपला म्हणायचात.

मॅट्रिक झालेल्या सुनेचा उपयोग काय, हे तुम्ही पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. तुम्हाला अक्षरओळख नव्हती. सासूला पोथी वाचून दाखवावी लागणार, अशी माझी समजूत. पोथी सकाळी व्हायचीच, पण दुपारी धाकट्या भाऊजींनी पेठेतल्या वाचनालयातून आणलेलं खाकी कव्हराचं पुस्तक तुम्ही माझ्यापुढे सरकवलंत. मी देवाधर्माची. ती रक्ताची वर्णनं वाचली की मला उठून चूळ भरावीशी वाटे. म्हणून मी अट घातली, मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे आणि गुरुवार दत्ताचा, या वारी आपल्या घरात खून वाचायचा नाही. तुम्ही बिनतक्रार मान्य केलीत. मग त्या वारी वाचता वाचता व्हायचं असं, की तो पिस्तूल घेऊन जिन्यात उभा आहे, वरचा सावकार निवांत चहा पितो आहे, आणि मी पुस्तक मिटते. सावकाराला एक दिवस फुकट. पुस्तक परत करायला उशीर होई, दंड पडे. तो मी गुपचूप किराण्यात मांडत असे आणि तुमच्याजवळ कुरकुरत असे. तुम्ही म्हणायचात, "चार आण्यात एका माणसाचं आयुष्य दिवसानं वाढलं. सस्तात पडलं की गं!"

त्या वाचनालयाची एक पद्धत होती. पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी पेन्सिलीनं आपलं मत लिहायचं. शेवट मात्र फोडायचा नाही. पण त्याचा काय भरवसा, म्हणून ते पान आपण पुस्तक संपल्यावरच उघडायचो. कुणी लिही, "लई भारी. रात्री कुत्रं भुंकलं तरी उठून बसलो." कुणी लिही, "मागच्या भागाचा दम यात नाही." एकदा कुणीतरी लिहिलं होतं, "मारेकरी म्हातारा झाला. गुडघे धरून जिने चढतो. याला आता उडवा आणि एखादा तरणा आणा." मला हसू आलं. तुम्ही समोर शेंगा फोडत बसला आहात, आणि तुमचा हात थांबतो.

"हसतीस काय? गुडघं धरून जिनं चढतंय म्हणून उडवायचं? मग मला कवा उडवताय?"

"आत्याबाई, तो पापी माणूस आहे."

"पापी हाय की. मी कुठं न्हाय म्हणतो? पण दमलंय ते. दमलेल्याला आदी पाणी द्यावं, मग पाप इचारावं."

आणि मला पेन्सिल आणायला लावून लिहायला सांगितलंत, "याला घरी जाऊ द्या." महिन्याभरानं भाऊजी हसत आले. आपल्या मताखाली कुणीतरी लिहिलं होतं, "घर कुठं आहे त्याला?" तुम्ही तवा उतरवत म्हणालात, "पुढच्या पुस्तकात लिही. म्हणावं, कोल्हापुरात ये. जेवून जा." मी लिहिलं. त्यानंतर वाचनालयवाले मला भर रस्त्यात विचारायचे, "काय वहिनी, पावणं आलं का न्हाय जेवायला?" मला मेल्याहून मेल्यासारखं होई. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "येईल. वाट लांबची हाय."

पुढे तुम्ही अंथरुणाला खिळलात. मालिकेचा शेवटचा भाग यायचा होता. एका दुपारी तुम्ही मला जवळ बसवून म्हणालात, "मी अंबाबाईला बोललोय. ह्यो जित्ता सुटला त्या धंद्यातून, तर तिची ओटी भरीन." मी घाबरलेच. खुन्यासाठी नवस, तोही पुस्तकातल्या! मी म्हटलं, "अहो, तो खरा नाही."

"पोथीतला राजा मसणात हुबा ऱ्हायला की तू पदर डोळ्याला लावतीस. त्यो काय आपल्या गल्लीत ऱ्हातो व्हय?"

नवस बोलून तो न फेडता जाणं म्हणजे काय, हे तुम्हाला आणि मला सारखंच ठाऊक. तो शेवटचा भाग येण्याआधी तुम्ही गेलात, आणि नवस माझ्याकडे राहिला. तो सुटला तरच फेडायचा, आणि सुटला की नाही हे कळायला वाचलं पाहिजे.

पुस्तक आलं तेव्हा मी तुमच्याच जागी बसले. मनातल्या मनात वाचून होईना, म्हणून मोठ्यानं वाचलं. त्यानं शेवटच्या सुपारीचं पाकीट न फोडता परत केलं होतं. एका लहानशा स्टेशनच्या बाकावर तो गाडीची वाट बघत बसला आहे. बुटाची नाडी सोडली आहे, पाय सुजले आहेत. जिन्यावरून एक तरणा मुलगा खाली येतो, त्याचा एक हात कोटाच्या खिशात. अजून पाच-सहा पानं उरली होती. मी पुस्तक मिटलं आणि तुमच्या रिकाम्या अंथरुणाकडे बघून म्हटलं, "आज गुरुवार. आज इथवरच."

पुढची पानं मी कधीच वाचली नाहीत. पुस्तक परत द्यायला मी स्वतः गेले. वाचनालयवाले म्हणाले, "मत न्हाय लिहिलं, वहिनी?" मी शेवटचं पान उघडलं, बाकीच्यांच्या मतांवर तळहात ठेवला आणि खाली लिहिलं, "जेवून गेला." तिथून तशीच देवळात जाऊन तुमच्या नावानं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, सगळं रीतीप्रमाणे. आईनं ती घेतली असावी असं मला वाटतं.

फक्त एक तुम्हाला सांगायचं राहिलं, आत्याबाई. मी पुस्तक मिटलं तो गुरुवार नव्हता. बुधवार होता.