इलेक्ट्रॉन काऊन पडत नाही?

१ डिसेंबर, सोमवार
आठवी अ. अणूचा सगळा इतिहास एका तासात संपवला. डाल्टनचा टणक गोळा, थॉमसनचा तिळाचा लाडू, रदरफोर्डचं मधलं केंद्रक, बोरच्या कक्षा. एकशेदहा वर्षं, पस्तीस मिनिटं. शेवटी विचारलं, कोणाला काही शंका? एकही हात नाही. याला म्हणतात शिकवणं! सव्वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तासाला शंका उरलेली नाही.

२ डिसेंबर
शंका निघाली. शाहीन. कलीम वेल्डरची पोरगी, दुसऱ्या बाकावर बसते. म्हणे, सर, रदरफोर्डचा इलेक्ट्रॉन फिरता फिरता एनर्जी घालवते अन् केंद्रकात पडाले पाह्यजे, हे तुम्हीच सांगतलं. मंग बोर म्हणते का ठरलेल्या कक्षेत पडत नाही. पण काऊन पडत नाही? बोर म्हणते म्हणून?
म्हटलं, प्रश्न उत्तम आहे. उद्याच्या तासाला.
संकल्प: पहाटे पाचला उठून बी.एस्सी.चं जाड पुस्तक काढणे.

३ डिसेंबर, सकाळी ७.४०
पुस्तक सापडलं. बायकोनं, पुष्पांजलीनं, ते गव्हाच्या कोठीला टेकण दिलंय. या घरात बी.एस्सी.ची ही किंमत. ओढून पाहिलं, कोठी कलंडायला लागली. बाईसाहेब स्वयंपाकघरातून ओरडल्या की तेवीस वर्षं लागलं नाही, आजच काऊन लागलं? राहू दिलं. घरात शांतता महत्त्वाची.

८ डिसेंबर
शाहीन वऱ्हांड्यात वाट पाहत उभी असते. आज स्टाफरूमच्या मागच्या दारानं निघालो. पळालो नाही, मतदारयादीचं काम होतं.
भागवतला, म्हणजे आमच्या गणिताच्या मास्तरला, सहज बोललो. तो म्हणे, सांगून टाक ना बे, माहीत नाही म्हणून. काय बोलतो हा माणूस! सरच 'माहीत नाही' म्हणाले तर उद्या पोरं डोक्यावर मिरे वाटतील. भागवतचं असं वागणं आहे म्हणूनच त्याच्या तासाला इतका गोंधळ असतो.

१२ डिसेंबर
तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर!! शाहीनचं मॉडेल: 'अणूच्या चार पिढ्या'. कड्या कलीमनं उरलेल्या सळ्यांतून वेल्ड करून दिल्या. हेडसरांनी शाल मला घातली. बरोबरच आहे, मार्गदर्शन कोणाचं?
आता बुलडाण्याला जिल्ह्याचं प्रदर्शन. तिथं पहिली आली तर राज्यावर. पोरीनं तेवढं एकच धरलंय, राज्यावर जायचं. कलीम हात जोडून म्हणे, सर, घरी आमचं कोणाचं ऐकत नाही, तुमच्याच शब्दावर चालते. फार बरं वाटलं. मग शाहीन हळूच म्हणे, परीक्षकानं तेच विचारलं तं काय सांगू?
संकल्प: रोज दहा पानं. कोठी रिकामी झाली की लगेच.

२१ डिसेंबर, रविवार
सापडलं! बादली पाण्यानं भरली, दोरीला बांधली, अंगणात गरागरा फिरवली. एक थेंब पडला नाही! इलेक्ट्रॉनचंही तेच. वेग आहे म्हणून पडत नाही. इतकं सोपं, आणि लोक जाड पुस्तकं वाचतात.
नंतर दोरी तुटली. बादली कंपाउंडवरून शेजारच्या अब्दुल गनींच्या मोटरसायकलवर. टाकीला पोचा. गनीभाई म्हणे, सर, सायन्स तुमच्या अंगणातच ठेवत जा. दोरी जुनी होती. सिद्धांताचा दोष नाही.

२२ डिसेंबर
शाहीनला बादली समजावून सांगितली. ती म्हणे, पण सर, रदरफोर्डचा बी वेगातच फिरत होता ना? मंग तो काऊन पडत होता?
म्हटलं, मी सांगतोय ना? वही काढ, लिहून घे. घेतलं तिनं. शहाणी पोरगी आहे.

७ जानेवारी, बुलडाणा
परीक्षक कॉलेजच्या मॅडम. सगळं मॉडेल पाहिलं, खूष झाल्या, आणि नेमकं तेच विचारलं. शाहीननं बादली सांगितली. अगदी माझ्या शब्दांत.
मॅडम म्हणाल्या, बेटा, असं असतं तर रदरफोर्डचाही पडला नसता. हे तुला कोणी सांगितलं?
मी मागंच उभा होतो. हातात तिची पाण्याची बाटली. पोरीनं माझ्याकडे वळून पाह्यलं नाही. म्हणे, कोणी नाही मॅडम. मीच मनानं बनवलं.
मॅडम म्हणाल्या, पडत नाही हे बोरनं नुसतं धरून चाललं, आणि त्याचं गणित जुळलं. काऊन, ते तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. पुढच्यांनी शोधलं. तू 'माहीत नाही' म्हणाली असतीस ना, तर मी पूर्ण मार्क दिले असते.
माहीत नाही. दोन शब्द. मले येत होते ना बापा!
चौथा नंबर. राज्यावर दुसरीच शाळा.

७ जानेवारी, एसटीत
मॉडेल तिच्या मांडीवर. घरून आणलेल्या पोळीतली अर्धी तिनं मले दिली. आमचं नांदुरा येईपर्यंत बोलू म्हटलं. मग म्हटलं, गाडीचा आवाज फार आहे. लाज वाटून राह्यली. हे इथंच लिहितो, तिले सांगत नाही.

१२ जानेवारी, सोमवार
संकल्प: आज भर वर्गात सांगणे की बादली माझी होती, आणि उत्तर मले माहीत नव्हतं. कागदावर लिहून नेलं, अडखळायला नको म्हणून. पाच मिनिटं आधीच वर्गात गेलो.
कागद खिशातच राह्यला. आधी नेहमीचं विचारलं, कोणाले काही शंका? म्हटलं, शाहीननं हात वर केला की तिथूनच सुरू करू. तिनं वहीतून मान काढली नाही. मी नाव घेतलं. उभी राह्यली. म्हणे, नाही सर, सगळं समजलं.
वर्गभर पाह्यलं. एकही हात नाही.
पुढचा धडा घेतला.