इंजिन बंद पडल्यावर

३ जुलै
दोन वर्षं भद्रावतीत घरी बसून काढल्यावर अखेर नोकरी मिळाली. आई आणि मी दुपारच्या एसटीने उतरलो. नगरपंचायतीचं वीजघर गावाच्या टोकाला आहे. पत्र्याची शेड, आत जुना डिझेल जनरेटर, शेजारी दोन खोल्यांचं क्वार्टर. कुंपणापलीकडे लगेच सागाचं जंगल. मुख्य लाइन गेली की गावाला वीज द्यायची, एवढंच काम. जुने ऑपरेटर लालसूभाऊ यांनी चहा पाजला. आईने आल्या आल्या दारात दोडक्याच्या बिया लावल्या.

५ जुलै
काल दिवसभर मुख्य लाइन होती, तरी इंजिन चालूच. त्यावर एक दिवासुद्धा नाही. डिझेल फुकट जातं म्हटलं, तर लालसूभाऊ म्हणाले, बंद ठेवायचं नाही असं गावानेच ठरवलंय. का, ते सांगेनात.

८ जुलै
लालसूभाऊ जेवायला गेले असताना फिल्टर बदलायला मी इंजिन बंद केलं. वीस मिनिटं. एक पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. क्वार्टरमध्ये गेले तर भात करपत होता, आई नव्हती. ती कुंपण ओलांडून अनवाणी झाडांकडे चालली होती. हात धरून परत आणली. म्हणाली, "तूच तर बलावून राह्यली होती मले."
मी हाक मारलीच नव्हती.
लालसूभाऊ धावत आले, आधी इंजिन सुरू केलं, मग बोलले. गेल्या पावसाळ्यात इंजिन बिघडलं तेव्हा त्यांची बायको रुखमा अशीच गेली. सापडली नाही.
"बिजलीसाठी नाई चालवत, बाई. याच्या आवाजात तिकडची हाक आयकू येत नाई."

११ जुलै
पुलावर पाणी. टँकर पलीकडे अडकलाय. डिझेल उद्या दुपारपर्यंत पुरेल. आईला घेऊन निघावं तर रस्ता तोच.

१२ जुलै
पावणेदोनला बंद पडलं. गावात लोक थाळ्या बडवतायत. मीही पातेलं बडवलं, आता हात उचलत नाही. लालसूभाऊंनी कानातला कापूस काढला, "रुखमा" म्हणाले आणि उठून — मला अडवता आलं नाही.

आईचं मनगट माझ्या डाव्या मनगटाला ओढणीने बांधलंय. तिकडे लक्ष जाऊ नये म्हणून लिहिते आहे.

थाळ्या कमी झाल्या. दोन-तीनच.

लालसूभाऊंचा आवाज. झाडांतून. टँकर आला, बाई, या. पूल तर पाण्याखाली —

आता एकही थाळी नाही.

माझा आवाज. तिकडून. आई, आई —

आई गाठ सोडते आहे. मी इथे आहे, तिच्या कानाशी ओरडते आहे. ती माझ्याकडे बघते, परक्या बाईकडे बघावं तशी, आणि