देवमासे, शुभदा आणि कल्याणचा चषक

डोंबिवली,
दिवाळीनंतरचा मंगळवार, १९५४

तीर्थस्वरूप मामांस,

मधूचा साष्टांग नमस्कार. आपल्या दाढेचा ठणका आणि मामींचा आपल्यावरचा राग, दोन्ही एव्हाना उतरले असतील अशी आशा आहे. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून.

आमच्या वाचनालयाने यंदा वादविवाद ठेवला, ‘देवमाशांची शिकार बंद व्हावी काय?’ (इथे विहिरीचे पाणी भांडून भरावे लागते, पण दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्राची काळजी वाहायला माणसे पुष्कळ.) बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या. मला शिकारीची आली. वर्तमानपत्रे चाळून मी सिद्ध केले की देवमाशाच्या तेलावाचून युरोपात साबणाची टंचाई होईल, आणि साबणावाचून संस्कृती टिकायची नाही. देशोदेशींचे शहाणे दरसाल एकत्र बसतात, किती हजार देवमासे मारायचे ते ठरवतात आणि त्याला रक्षण म्हणतात, हेही ठणकावून सांगितले, आणि तेसुद्धा कौतुकाने! चषक मलाच मिळाला.

विरुद्ध बाजूला शुभदा होती. (हो, तीच, मार्गशीर्षात जिच्याशी माझे लग्न ठरले आहे.) चिठ्ठी तिनेही उचललीच होती, पण तिने ती मनाला लावून घेतली. पिल्लू जखमी झाले तर देवमाशाची मादी त्याला सोडून जात नाही, हे सांगताना तिचे डोळे भरून आले. नेमके तेव्हाच मी (मुद्दा म्हणून हो!) विचारले, एका आईतून तेलाची पिंपे किती निघतात? सभा हसली. शुभदा हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेलो तर दारातच म्हणाली, “आईचं तेल मोजणाऱ्याच्या घरी मी नाही यायची.” मी चिठ्ठीकडे बोट दाखवले. म्हणाली, “चिठ्ठीत बाजू होती, अहो. तो प्रश्न तुमचा होता.” यावर आपला चषकविजेता भाचा आल्या पावली परतला. मामा, मला ती हवी आहे. तेव्हापासून अन्न गोड लागत नाही.

मामींना नमस्कार. दाढेची काळजी घ्यावी.

आपला,
मधू

ता. क. हाच वाद रविवारी कल्याणला पुन्हा रंगणार आहे, आम्ही दोघे त्याच बाजूंनी बोलणार, आणि परीक्षक आपण आहात असे कळले. चषक शुभदाला द्यावा. माफी मागण्यापेक्षा हरणे मला सोपे जाईल.

ता. क. २ मात्र पिंपांच्या मुद्द्याचे गुण कापू नयेत. मुद्दा बिनतोड आहे.