दिशाच्या कानांचे खरे कारण

मी, अक्काबाई ज्ञानू रणदिवे, वय वर्षे ६७, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार माळेगाव बुद्रुक, तालुका बारामती, हे मृत्युपत्र राजीखुशीने करत आहे. पोटाच्या कॅन्सरने अंग खचले असले तरी डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मजकूर मी सांगितला, टाइप वकिलांनी केला. त्यांनी गाळा म्हटलेल्या गोष्टी मी गाळू दिल्या नाहीत.

१. माझे पती ज्ञानू २०११ साली वारले. मुलगा बुद्धभूषण कारखान्यात नोकरीला आहे. मुलगी दिशा बारामतीत शिवणकाम करते. तिला वयाच्या चौथ्या वर्षापासून ऐकू येत नाही.

२. माळेगावचे तीन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. ते मी दिशाला देते. एका खोलीबद्दल पुढे लिहिले आहे. लोणी भापकरची माझ्या वाट्याची वीस गुंठे जमीन बुद्धभूषणला. बाळा, तुला कमी आले. तू मला कधी उलट बोलला नाहीस, आताही मनात आणू नकोस. या कागदाची अंमलबजावणी तूच करायची आहेस.

३. आता दिशाच्या कानांविषयी. १९९४ च्या जानेवारीत मी प्रशिक्षणासाठी आठ दिवस पुण्याला होते. माझी नणंद कुशाबाई विधवा होऊन आमच्याकडेच राहत होती. दिशा माझ्यापेक्षा तिच्याच अंगाखांद्यावर वाढली. मी नसताना पोरीला लघवीच्या जंतुसंसर्गाने सणकून ताप आला. कुशाबाईने तिला कडेवर घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी जेंटामायसिनची पाच इंजेक्शने दिली आणि ताप उतरला. मी घरी आले, दारातूनच हाक मारली. पोर पाठमोरी बसली होती. ती वळली नाही.

कुशाबाई म्हणाली, “वैनी, ताप गेल्यापास्नं हाक मारली तरी बगत न्हाय. मला लई भ्या वाटतंय.”

“कसली इंजेक्शनं टोचून आणलीस पोरीला?”

“डागतर म्हणलं म्हणून दिली. मी पोरीचं वाईट करीन व्हय?”

त्यावर मी जे बोलले ते जसेच्या तसे लिहिते. मी म्हणाले, “तुला सोताचं लेकरू न्हाय, तुला काय कळणार?”

त्याच संध्याकाळी ती चार लुगडी घेऊन लासुर्ण्याला गेली आणि तिथे मजुरीवर राहिली. मी तिला परत बोलावले नाही. ज्ञानू बहिणीला भेटून आला की मी दोन दोन दिवस त्याच्याशी बोलत नसे. तो गेला तेव्हा ती अंत्ययात्रेला आली, पण रस्त्याच्या पलीकडेच उभी राहिली. मी पाहिले आणि मान फिरवली.

४. २०२२ साली दिशाला दिवस राहिले. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे जुने कागद पाहिले आणि मला विचारले, “तुमच्या आईच्या बाजूला कुणी बहिरं होतं का?” मला माझा मामा तात्याबा आठवला. टीबीची इंजेक्शने घेऊन आला आणि पुढे जन्मभर त्याला ऐकू आले नाही. सगळे म्हणायचे, आजाराने कान नेले.

दिशाचे आणि माझे रक्त तपासले. बाईंनी समजावले ते असे. आपल्या पेशींमध्ये ऊर्जा तयार करणारे बारीक भाग असतात, त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. ते मुलांना आईकडूनच मिळतात. माझ्या आईकडून आलेल्या मायटोकॉन्ड्रियात एक बदल आहे. एरवी त्याने बहुतेकांना काही होत नाही, पण जेंटामायसिन किंवा मामाला दिलेले टीबीचे इंजेक्शन, या जातीचे औषध दिले की कान जाऊ शकतात. मी विचारले, “हे आमच्याच नशिबी का?” त्या म्हणाल्या, “आजी, मायटोकॉन्ड्रियातला कुठला ना कुठला दोष साधारण दोनशे माणसांत एकाच्या अंगात असतो. बहुतेकांना जन्मभर कळतही नाही.”

माझ्या अंगणवाडीतून हजारभर लेकरे गेली. त्यातली किती तशी असतील, कुणाला ठाऊक.

म्हणजे दोष इंजेक्शन आणणारीचा नव्हता. डॉक्टरांचाही नव्हता, तेव्हा त्यांना कळणार कसे? पोरीला ते माझ्याकडून आले होते.

५. हे कळूनही मी दोन वर्षे लासुर्ण्याला गेले नाही. लाज वाटत होती. कॅन्सर निघाल्यावर, गेल्या डिसेंबरात गेले. कुशाबाई दारात शेंगा फोडत बसली होती. आत भिंतीवर दिशाच्या लेकीचा फोटो होता. दिशा पंधरा वर्षे मला चोरून आत्याकडे जात होती, हे मला त्या दिवशी कळले.

मी सगळे सांगितले. तिने शेंगांचे सूप बाजूला सारले. मग म्हणाली, “म्हंजे माजं चुकलं न्हवतं?”

“न्हाय, कुशा. माझंच चुकलं.”

“मला वाटायचं, पाचवं इंजेक्शन दिलं नसतं तर पोरीचे कान राहिलं असतं. रोज वाटायचं.”

तीस वर्षे ती हे मनात घेऊन जगली, आणि ते तिच्या मनात मी घातले होते. मी म्हणाले, घरी चल. ती म्हणाली, “यीन की. शेजारणीचा गहू निघू दे, शब्द दिलाय तिला.”

६. धाकटी बहीण प्रयागबाई हिला मी हे फोनवर सांगितले, कारण तिच्या मुलींनाही हे आलेले असणार. ती म्हणाली, “अक्का, पिंकीची सोयरीक ठरतीया. आमच्या रक्तात खोट हाय म्हणून गावभर सांगतीस व्हय? माझ्या पोरींना यातलं एक अक्षर कळता कामा न्हाय.” तिने फोन ठेवला, तो आजतागायत उचललेला नाही.

म्हणून माझ्या सोन्याच्या दोन पाटल्या मी भाची पिंकी आणि भाची सुप्रिया यांना एकेक देते. अट एकच: दोघींनी बुद्धभूषणच्या समोर बसून हा कागद पूर्ण वाचायचा. पोरींनो, वाचलात ना? आता तपासणी करून घ्या. दवाखान्यात गेलात की आधी हे सांगा, तुमच्या लेकरांच्या वेळीही सांगा. आईवर रागावू नका. भीतीपायी माणूस काय करतो, हे मला ठाऊक आहे.

७. घराची पश्चिमेकडची खोली माझी नणंद कुशाबाई हिला हयातभर राहण्यासाठी देते.

कुशाबाई गेल्या महिन्यात, १४ फेब्रुवारीला, झोपेतच गेली. गहू उभाच होता. वकील म्हणाले, “आजी, मयताच्या नावे काही देता येत नाही. हे कलम काढून टाकू.” मी म्हणाले, “कायद्यानं ती खोली दिशालाच जाऊ द्या. पण कलम राहू द्या. ती या घरची होती, असं माझ्या सहीखाली एकदा तरी लिहिलेलं असू द्या.”

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर मी सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही: अक्काबाई ज्ञानू रणदिवे

साक्षीदार:
१. सावळाराम लोंढे, निवृत्त शिक्षक, माळेगाव बुद्रुक
२. विजयसिंह तावरे, शेती, माळेगाव बुद्रुक

स्थळ: बारामती
दिनांक: १२ मार्च २०२५