डेअरीपुढची रांग

८ जाने.
घर रिकामं होऊन आठवडा झाला. आबा बैलं आणि गाय घेऊन चारा छावणीत, आई त्यांच्या भाकरीसाठी मागोमाग. निम्मं गाव दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेलं. उरलो आम्ही: म्हातारी माणसं, कुत्री आणि एक सॉफ्टवेअर इंजिनिअर.
घरी रेंज नाही, लाइटचा भरवसा नाही. म्हणून लॅपटॉप घेऊन दूध संस्थेच्या डेअरीत बसतो. तिथं इंटरनेट आहे, इन्व्हर्टर आहे. सेक्रेटरी बप्पा म्हणाले, "बस की लेका. आमचं कॉम्प्युटर बिघडलं तर बघत जा, बास." भाडं एवढंच.
सकाळी दूध घालायला आलेल्यांची रांग माझ्या खिडकीखालीच. पुण्याच्या टीमबरोबर मीटिंग चालू असताना मागून कुणाची म्हैस, कुणाची सून, कुणाचा गुडघा, सगळं ऐकू येतं. टीमला वाटतं मी बाजारात राहतो.

११ जाने.
मॅनेजरनं सगळ्यांसमोर विचारलं, हा कसला गोंगाट? लाज वाटली. त्यात बप्पाही कुरकुरत होते, म्हातारी माणसं थंडीत ताटकळतात, तुझ्या शिक्षणाचा काहीतरी उपयोग कर. केला. प्रोग्रॅम लिहून ज्याची त्याची वेळ ठरवून दिली. वेळ झाली की मोबाईलवर मेसेज, वाचता येत नसेल त्याला नुसती रिंग. यायचं, घालायचं, जायचं.
थंडीचं निमित्त. मला माझी मीटिंग शांत हवी होती.

१५ जाने.
झकास चालतंय. रांग गायब. मॅनेजर म्हणाला, "आज किती क्लिअर आवाज आहे!" मीही खूश.
संक्रांत. अनुसयाकाकू तिच्या वेळेच्या बरीच आधी आली. मुलगा-सून तोडीला गेलेले, घरी ती आणि एक गाय. हातात किटली, रुमालात तिळगूळ. मी म्हणालो, "काकू, तुमची वेळ झाली नाही अजून. थंडीत कशाला थांबता?" "बरं बरं," म्हणाली, इकडंतिकडं बघितलं आणि गेली. रिंग गेल्यावर परत आली. तेव्हाही डेअरीत मी आणि बप्पाच. दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि रुमालाला पुन्हा गाठ मारली. रुमाल अजून फुगलेलाच होता.

२३ जाने.
आज दिवसभरात तोंडातून निघालेलं सगळं बोलणं: आवाज येतोय का, हो येतोय, काम झालंय, थँक्यू. रात्रीला परत खिचडी. भाकरी थापायला जमत नाही, खिचडी आता गिळवत नाही.
आबांना फोन लावला. मागं टाळ-मृदंग जोरात. म्हणाले, "लई माणसं हायेत इथं, वेळ कसा जातो कळंना. तू कशाला बसलास तिकडं एकटा?" काम आहे म्हणालो. फोन ठेवल्यावर डेअरीची खिडकी उघडून बसलो. बाहेर कोणी नव्हतं.

२९ जाने.
दूध घटलंय. चाराच नाही तर घटणारच. पण बप्पा म्हणतात, ज्यांच्या दावणीला दुभतं आहे ती माणसंही येईनात. अर्धा लिटर, पाऊण लिटरवाले सगळे हळूहळू बंद झाले.
टेंपोवाल्या शफीकभाईनं कॅन हलवून बघितला. "बप्पा, एवढ्यासाठी गाडी वळवणं परवडना. वरचे सायेब बोंबलायलेत माज्या नावानं. असंच चाललं तर मी यायचा न्हाई." टेंपो बंद म्हणजे डेअरी बंद. पाऊस पडून जनावरं छावणीतून परत आली तरी मग दूध घालायचं कुठं? बप्पा दिवसभर काटाच पुसत बसले.
आणि मी? डेअरीला कुलूप लागलं तर लॅपटॉप घेऊन पुण्यालाच जावं लागेल. मॅनेजरची मेल तशीही येऊन पडलीय, एप्रिलपासून ऑफिसला या. उत्तर दिलेलं नाही. तिथली खोली आठवली, तिथला डबा आठवला. तिथंही कुणाशी बोलत होतो असं नाही.

२ फेब्रु.
अनुसयाकाकूकडे गेलतो. दूध का घालत नाही म्हणून विचारलं.
"गाय आटली रे बाबा."
तिच्यामागं वासरू गाईला ढुसण्या देत होतं, तोंडाला पांढरा फेस. मी बघितलं. मी बघितलेलं तिनंही बघितलं.  मग तिनं चहा केला, नुसत्या दुधाचा, दाट. मी उठायला लागलो की हिचा नवीन विषय. सुनेच्या हाताला कोयता लागला ते, कोपीत, त्यांच्या पाचटाच्या झोपडीत, उंदीर शिरले ते, कोण कुठल्या कारखान्यावर आहे ते. हे सगळं ती पूर्वी रांगेत बोलायची, मी खिडकी लावून घ्यायचो.
परत येताना वाटेत उमगलं. अर्ध्या लिटरसाठी एवढं चालत कोण येतं? ही माणसं माणसांसाठी येत होती. रांग मोडली, मग यायचं कशाला? आणि मलातरी दुसरं काय हवं होतं! खिडकीखाली बोलणारी तेवढीच माणसं होती माझी, ती मीच घरी बसवली. फार एकटं वाटतंय.

३ फेब्रु.
प्रोग्रॅम बंद केला. सगळ्यांना मेसेज टाकला, उद्यापासून पहिल्यासारखं सगळ्यांनी एकदमच या. बप्पा म्हणाले, "तुजं तुला तरी कळतंय का बे?" पण हसत होते.

४ फेब्रु.
एकदम कोणीच आलं नाही. जे चारदोन आले तेही एकेकटे, आपापल्या जुन्या वेळेला. विठ्ठलतात्या तर आलेच नाहीत. वाटेत गाठून विचारलं. "रिंगच वाजली न्हाई, मंग कावून येऊ?" आणि मेसेज? "त्यो कोण वाचतंय!"
रांग मोडणारा प्रोग्रॅम लिहायला दोन संध्याकाळी लागल्या होत्या. परत जुळवायला काय लिहावं ते सुचत नाही.
शफीकभाई जाताना म्हणाला, उद्या फैसला.

५ फेब्रु.
आईची चरवी घासली आणि रिकामीच घेऊन डेअरीपुढं जाऊन उभा राहिलो. मीटिंगला येत नाही म्हणून कळवलं. कुणीतरी उभं असल्याशिवाय मागं कोण उभं राहणार, एवढंच डोक्यात होतं. बराच वेळ एकटाच उभा. येडपट दिसत असणार.
तात्या वाटेनं चालले होते, थांबले. "काय चाललंय?" म्हणालो, रांग. त्यांनी मला खालून वर बघितलं, घरी जाऊन किटली आणली आणि मागं उभे राहिले. मग समोरच्या दोघी जावा आल्या. मग अनुसयाकाकू, पदराखाली किटली झाकून. आटलेल्या गाईचं मी काढलं नाही, तिनंही नाही. सरळ पुढं माझ्यापाशी आली.
"तुज्या चरवीत काय हाय?"
"काही नाही, काकू."
"मंग कावून उभा ऱ्हायलास?"
"घरी कोणी नाही."
 तिनं चरवीवरचं झाकण काढलं आणि स्वतःच्या किटलीतलं निम्मं दूध माझ्या चरवीत ओतलं. मग सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.  मागं तात्या आणि जावांचं म्हशीवरून सुरू झालं होतं. बप्पांनी माझ्या नावावर दूध मोजून घेतलं, पहिल्यांदाच.
हे डेअरीतच बसून लिहितोय. शफीकभाई आलाय. त्यानं कॅन हलवून बघितला, भरल्याचा आवाज नव्हता. बाहेर बप्पा आणि तो अजून बोलतायत, नीट ऐकू येत नाही. खिडकी उघडी आहे. दूध घालून झालं तरी कोणीच घरी गेलेलं नाही.