बियांचं तवसं

९ सप्टेंबर

काकडीच्या वेलावर आता एकच तवसं राहिलं. बुंध्याजवळचं, बियांसाठी राखलेलं. पिवळं पडायला लागलंय. अजून थोडं जून होऊ दे, मग काढीन.

ह्या वेलाचं बी अपूर्वने गेल्या वर्षी सुट्टीत आला तेव्हा मागच्या भिंतीला थापलं होतं, पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकावं म्हणून. राखेत घोळवून, स्वतःच्या हातांनी. फेब्रुवारीत लेक माझा पुण्याला अपघातात गेला. बी मात्र जूनमध्ये पेरलं तसं वेळेवर रुजलं! मेल्या बियाला काय कळतंय.

१२ सप्टेंबर

ऋतिका आल्यापासून घरात पावलं वाजतात एवढंच. दिवसभर माडीवर कॉम्प्युटर, ऑफिस. अंगात अपूर्वचा निळ्या चौकड्यांचा शर्ट — रोज तोच! धुवायला मागितला तर म्हणाली, "राहू दे ना, आई."

सून माझी, पण तिच्याशी काय बोलावं कळत नाही. पूर्वी आम्ही दोघी त्याच्याचबद्दल बोलायचो, त्याच्या तक्रारी करायचो. आता तो विषयच काढवत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

तोडलं. तिने ते तवसं तोडलं!

मी पूजेला बसले होते. स्वयंपाकघरात धप् धप् आवाज. जाऊन बघते तर बाईसाहेब वरवंट्याने तवसं ठेचतायत. ओट्यावर लसूण, भाजलेले तीळ, सोया सॉस, व्हिनेगर. म्हणाली, "आई, अपूर्व दर रविवारी हे करायचा. कोरियन सॅलड. चिरायचं नाही म्हणायचा, ठेचायचं, म्हणजे भेगांमध्ये मसाला मुरतो. आज तुमच्यासाठी करतेय." हसत होती. किती महिन्यांनी!

आणि मी किंचाळले. "अगो, ते बियांचं होतं!"

त्याला खूण नव्हती बांधलेली. आमच्यात कधी बांधतच नाहीत. बुंध्याजवळचं तवसं बियांचं, त्याला घरातलं शेंबडं पोरसुद्धा हात लावत नाही. पण ही नागपूरची. हिला कोण सांगणार? मीच ना.

बिया विचारल्या तर म्हणाली, "कडक होत्या म्हणून काढून टाकल्या." कुठे, तर माडाच्या आळ्यात. आणि बाहेर पाऊस नुसता कोसळतोय.

ह्यांनी सॅलड खाल्लं. एकट्याने, मान खाली घालून, सगळं. आम्ही दोघी जेवलो नाही.

१५ सप्टेंबर

सकाळी दार उघडलं तर ऋतिका माडाच्या आळ्यात उकिडवी बसलेली. शेजारी बशी. खरकट्यातून, चिखलातून एकेक बी वेचत होती. शर्ट चिखलाने भरलेला. मला बघून म्हणाली, "मिळतील तेवढ्या..." आणि रडायलाच लागली. मग मी पण. दोघी तिथेच, आळ्याच्या काठावर.

शर्ट शेवटी मीच धुतला. त्याचा वास जाईल म्हणून ती देत नव्हती, हे मला आज कळलं. पाणी ओतताना जीव तुटत होता.

बिया पाहून हे म्हणाले, "आता दोघींनी मिळून थापा." थापल्या. राख किती घ्यायची, कशी चोळायची, सगळं तिला दाखवलं.

४ ऑक्टोबर

ऋतिका पुण्याला गेली. ऑफिसने बोलावलंय. निघताना निम्म्या बिया भिंतीवरून सोडवून पुडीत बांधून दिल्या. "गॅलरीत कुंडीत लाव," म्हटलं. परत येशील ना, ते काही विचारलं नाही. वय काय तिचं! कोणत्या तोंडाने विचारू?

१९ ऑक्टोबर, रविवार

बाजारातून काकड्या आणून ते सॅलड करून बघितलं. ठेचल्या, मीठ लावून पाणी काढलं. वरून तिळाचं तेल घालायचं असतं — देवाजवळच्या बाटलीतलं घातलं. ह्यांनी घास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "उमे, समई चाटल्यासारखं लागतंय गो!"

पोट धरून हसलो दोघं. मग वाटलं, हे अपूर्वला फोन करून सांगायला हवं.

ताटं तशीच राहिली.

१६ नोव्हेंबर

भिंतीवरच्या बिया उंदरांनी खाल्ल्या. एकही ठेवली नाही, नुसते राखेचे डाग.

ह्यांना सांगितलं नाही. ऋतिकाचाही बऱ्याच दिवसांत फोन नाही, आणि कुंडीत कसलं रुजतंय तवसं! त्याच्या हातचं आता काही म्हणजे काही उरलं नाही.

१७ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

ऋतिकाने फोटो पाठवला. गॅलरीतली कुंडी, काठीवर चढवलेला वेल, बुंध्याजवळ एक तवसं. देठाला निळ्या चौकड्यांची चिंधी बांधलेली. शर्ट फाडला पोरीने!

खाली लिहिलंय — "आई, हे तोडणार नाही. बियांचं आहे."